संदुकीतली तिकिटं: खरी, खोटी आणि 'सुधारलेली' कशी ओळखायची

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्याकडे उदगीर-लातूर भागात घरोघरच्या जुन्या संदुकी उघडल्या गेल्या. आमच्याही. माळवदाच्या घरातल्या आतल्या खणात, धान्याच्या कणगीमागं ठेवलेली सासऱ्यांच्या वडिलांची संदूक. नोंद काही सापडली नाही. सापडले ते उर्दूतले दस्त, सावकाराच्या पावत्या, पंधरा-वीस पोस्टकार्डं आणि त्यांवरची निजामाच्या राज्याची तिकिटं. मला त्या तिकिटांचा नाद लागला आणि तिसऱ्याच महिन्यात मी फसले. १९४८ सालचं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट मोबाईलवरच्या एका ग्रुपमधून साडेतीन हजारांना घेतलं. आठ दिवस शेजारीपाजारी मिरवलं, मग भिंगाखाली धरलं.

बापूंच्या गालावर निळे, पिवळे, गुलाबी ठिपके होते. आजकालच्या लग्नपत्रिकेवर असतात तसे.

तेव्हापासून चार वर्षं होत आली असं वाटतं, पण खरं तर दोनच झालीत. या काळात जे शिकले ते क्रमानं लिहिते. मी तज्ज्ञ नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पण नवशिक्याला नेमकं कुठं ठेच लागते ते मला अजून ताजं आठवतंय.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

'खोटं तिकीट' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीची तपासणी वेगळी असते.

पहिली, संपूर्ण बनावट. कागदापासून छपाईपर्यंत सगळं नवं. माझे गांधीजी याच जातीचे. दुसरी, खऱ्या तिकिटावर केलेली कारागिरी: शाईचा शिक्का धुऊन काढणं, मागं नवा गोंद लावणं, कडेचे दाते कापणं किंवा नवे पाडणं, रंग उडवणं. तिसरी, खऱ्या तिकिटावर खोटा ओव्हरप्रिंट (तयार तिकिटावर नंतर छापलेली अक्षरं) किंवा खोटा टपाल-शिक्का. चौथीत खोटेपणा तिकिटात नसतो, सांगण्यात असतो. उदाहरणार्थ, टपाल खात्याच्या 'माय स्टॅम्प' योजनेत कुणीही आपला फोटो देऊन तिकिटांचा शीट छापून घेऊ शकतो. तिकीट अस्सल असतं, पण 'फक्त एकच शीट छापला, दुर्मीळ आहे' म्हणून तेच दसपट भावानं विकलं जातं.

नवशिके पहिल्या जातीला घाबरतात. जास्त पैसे मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीत जातात, कारण तिथं कागद खरा, छपाई खरी, आणि भिंगाखाली सगळं ठीकच दिसतं.

२. लागणारं सामान

फार खर्च नाही. माझा सगळा मिळून दोन हजारांच्या आत भागला.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराकडं किंवा घड्याळजीकडं असतं तसलं, डोळ्याला लावायचं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून भागत नाही; तो स्वतःच ठिपके पुसून चित्र गुळगुळीत करतो.
- चपट्या टोकाचा चिमटा. बोटाचा घाम गोंदाला लागतो. आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तर लागतोच लागतो.
- दाते मोजायची पट्टी. नसेल तर कंपासपेटीतली पारदर्शक मोजपट्टी चालेल, कशी ते पुढं सांगते.
- अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची. नोटा तपासायला बाजारात मिळते ती बहुधा ३९५ ची असते. तिचा जांभळा उजेडच इतका पडतो की कागदाची खरी चमक कळत नाही. आणि टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, लेकरांच्या हातात तर देऊच नका.
- काळ्या रंगाची उथळ वाटी आणि लायटरमध्ये भरायचं पेट्रोलियम द्रव, जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहण्यासाठी. हे स्वयंपाकघरात कधीही करायचं नाही. त्याची वाफ लगेच पेट घेते.
- स्कॅनर. घरी नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात १२०० डीपीआयवर स्कॅन करून मागा. दुकानदार ३०० वर करून देतो आणि 'तेच आहे' म्हणतो. तेच नसतं.

यात कॅटलॉगही धरा. भारत आणि संस्थानांच्या तिकिटांसाठी बहुतेक लोक स्टॅनले गिबन्स या कंपनीच्या कॅटलॉगमधले क्रमांक वापरतात. नवी प्रत महाग पडते, पण पाच-सात वर्षं जुनी प्रत पुरते. भाव बदलतात, कागद, छपाई, जलचिन्ह आणि दात्यांची माहिती बदलत नाही, आणि आपल्याला तीच हवी आहे.

३. महाग तिकिटाआधी त्याचं स्वस्त भावंड विकत घ्या

ही पायरी मला कुणी सांगितली असती तर माझे साडेतीन हजार वाचले असते.

१५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. चारही स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हॉइझिए या छापखान्यात ग्रॅव्ह्युअर पद्धतीनं (ती कशी ओळखायची ते पुढं सांगते) छापली गेली. दहा रुपयांचं महाग, म्हणून त्याच्या नकला फार. दीड आण्याचं वापरलेलं तिकीट मात्र अगदी किरकोळ किमतीत मिळतं आणि त्याची नक्कल करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ते घ्या. कागद हाताला कसा लागतो, रेघ भिंगाखाली कशी दिसते, दाते किती, हे सगळं त्यावर शिका. दहा रुपयांचं तिकीट आकारानं मोठं आहे, रंग दोन आहेत, पण छापखाना आणि पद्धत तीच. भावंडाशी जे जुळत नाही ते घरात घ्यायचं नाही.

हेच सगळीकडं लागू होतं. १ ऑक्टोबर १९५२ ची संत-कवींची मालिका, म्हणजे कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर, ही नाशिकरोडच्या छापखान्यातली सुरुवातीची ग्रॅव्ह्युअर छपाई. तिचीही स्वस्त तिकिटं जवळ ठेवा. नव्या तिकिटांसाठी मोठ्या डाकघरातली फिलाटेली, म्हणजे तिकीट जमवणाऱ्यांसाठीची, खिडकी सगळ्यात बरी: छापील किंमत द्यायची, अस्सल माल घ्यायचा. तुलनेसाठी यापेक्षा खात्रीचा नमुना दुसरा नाही.

४. भिंगाखाली छपाई वाचा

चित्र पाहू नका. चित्र हुबेहूब करणं आता कुणालाही जमतं. चित्र कशाचं बनलंय ते पाहा.

कोरीव छपाई: पत्र्यावर रेघा कोरून त्यांत शाई भरलेली असते. रेघा धारदार येतात आणि शाई कागदावर किंचित उभी राहते. तिकीट तिरपं धरून बाजूनं उजेड टाका, बारीक उंचवटे दिसतील. निजामाच्या १९३१ च्या मालिकेतलं आठ आण्यांचं तिकीट, ज्यावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आहे, आणि एक रुपयाचं, ज्यावर दौलताबादचा मिनार आहे, ही दोन्ही अशीच छापलेली. सावलीच्या जागी नुसत्या रेघाच रेघा दिसतात, ठिपका एकही नाही.

ठशाची छपाई: अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर आलेली, म्हणून कड गडद दिसते. पाठीमागं दाब उमटलेला असतो.

ग्रॅव्ह्युअर: सगळीकडं एकसारखी बारीक जाळी, आणि प्रत्येक ठिपका त्या तिकिटाच्याच रंगाचा.

ऑफसेट: चार रंगांचे ठिपके, फुलासारख्या वर्तुळांत. हल्लीच्या तिकिटांवर असे ठिपके असतातच, त्यात गैर काही नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एकरंगी तिकिटावर ते दिसले तर तपासणी तिथंच संपली.

घरच्या प्रिंटरवरची नक्कल याहून सोपी. इंकजेटचे ठिपके विस्कटलेले असतात आणि कागदाच्या धाग्यांत शाई पाझरते. लेझर प्रिंटरची भुकटी चमकते आणि मोकळ्या जागेतही काळे कण उडालेले दिसतात.

५. कागद, चमक आणि माझी वॉशिंग पावडर

साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालायला सुरुवात झाली. अल्ट्राव्हायोलेट उजेडात असा कागद निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसतो. अंधाऱ्या खोलीत झेरॉक्सचा कोरा कागद आणि त्याशेजारी जुनं पोस्टकार्ड ठेवून टॉर्च मारा, फरक कळायला दुसरं काही लागत नाही. १९०० सालचं म्हणून दिलेलं तिकीट झेरॉक्सच्या कागदासारखं पेटलं तर ते परत करा.

आता खाचखळगा ऐका. संदुकीतली तिकिटं मी पोस्टकार्डांवरून सोडवली तेव्हा पाण्यात चिमूटभर वॉशिंग पावडर टाकली होती. मळ निघेल म्हणून. निघालाही. पुढं टॉर्च आली आणि मी ती तिकिटं उजेडाखाली धरली तर सगळीच्या सगळी चमकायला लागली. आजेसासऱ्यांच्या संदुकीतली, स्वतःच्या हातानं सोडवलेली तिकिटं खोटी? रात्रभर झोप नाही. सकाळी न सोडवलेलं एक पोस्टकार्ड टॉर्चखाली धरलं, तर ते मातीसारखं शांत. मग उलगडा झाला. कपडे उजळवणारी जी द्रव्यं पावडरमध्ये असतात तीच तिकिटांत मुरली होती. तेव्हा चमक दिसली की तिकीट खोटंच असं नाही, आणि चमक नाही म्हणजे खरंच असंही नाही. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर छापलेली नक्कल चमकत नाही. आणि तिकिटं नुसत्या गार पाण्यातच सोडवा. काही जुन्या शाया पाण्यातही सुटतात, म्हणून आधी एक स्वस्त तिकीट घालून पाहा.

जलचिन्हाबद्दल थोडक्यात. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांच्या कागदात आधी हत्तीचं डोकं, मग एकच तारा आणि १९२६ पासून अनेक तारे असं चिन्ह येत गेलं. तिकीट काळ्या वाटीत पालथं ठेवून द्रवाचे चार थेंब टाकले की चिन्ह गडद उठून दिसतं. कॅटलॉग 'एक तारा' म्हणतो आणि वाटीत अनेक तारे दिसतात, म्हणजे तुमच्या हातात दुसरं, बहुधा स्वस्त तिकीट आहे. ग्रॅव्ह्युअरची तिकिटं मात्र या द्रवात टाकू नका. काहींचा रंग सुटतो.

६. दाते मोजा, आकारही मोजा

दात्यांचा आकडा म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात तो. पट्टी नसेल तर मोजपट्टीवर छिद्राच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा. गांधीजींच्या मालिकेचा आकडा साडेअकरा आहे. माझ्या तिकिटावर तो तेराच्या आसपास भरला, आणि तोही वरच्या बाजूला एक, डाव्या बाजूला दुसरा.

'बिनदात्याचं तिकीट, छपाईची चूक, दुर्मीळ' अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. दात्यांचं साधं तिकीट घेऊन कात्रीनं कड कापली की झालं बिनदात्याचं. यावर उपाय सोपा. त्याच तिकिटाची साधी प्रत घ्या आणि दात्याच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. बिनदात्याचं म्हणून दिलेलं तिकीट त्याहून लहान भरलं तर ते कापलेलं आहे. मोठं भरलं तरी एकटं तिकीट घेऊ नका. जोडी मागा, मधली जागा न फाडलेली.

७. पाठ वाचा

नवखा माणूस तिकिटाचं तोंड पाहतो, मुरलेला आधी पाठ पाहतो. न वापरलेल्या तिकिटाला मूळ गोंद असेल तर भाव वाढतो, म्हणून जुन्या तिकिटांना नवा गोंद लावायचा धंदा चालतो.

भिंग दात्यांच्या टोकांवर न्या. कारखान्यात आधी गोंद लागतो, मग छिद्रं पडतात. त्यामुळं दात्याच्या टोकाचे धागे मोकळे, मऊ, फुललेले असतात. नंतर ब्रशनं गोंद लावला की तो टोकापर्यंत वाहत जातो, धागे एकमेकांना चिकटतात आणि टोक कडक होतं. गालावरून हळूच फिरवलं तर टोचतं. शंभर वर्षांपूर्वीच्या तिकिटाची पाठ नव्या बांगडीसारखी लखलखत असेल, कुठं चीर नाही, हिंजचा (अल्बममध्ये तिकीट लावायच्या कागदी पट्टीचा) डाग नाही, तर विक्रेत्याला विचारा की एवढे मराठवाड्यातले उन्हाळे यानं कुठं काढले.

पातळ झालेली जागा भरून काढलेली असेल तर ती द्रवाच्या वाटीत गडद दिसते किंवा टॉर्चखाली वेगळी चमकते. दोन्ही करून पाहा.

८. रंगाची 'चूक' माळवदावर तयार होते

'पिवळा रंग छापायचाच राहिला' अशी तिकिटं फार विकली जातात. यातली काही खरी असतात. बरीचशी उन्हानं किंवा रसायनानं केलेली असतात. शाळेतल्या लेकरांबरोबर मी एक प्रयोग केला. पाच रुपयांचं नवं रंगीत तिकीट घेतलं, अर्धं चांदीच्या वर्खासारख्या स्वयंपाकघरातल्या फॉईलनं झाकलं, काचेखाली ठेवलं आणि मे महिनाभर माळवदावर सोडलं. जूनमध्ये फॉईल काढलं. झाकलेला अर्धा होता तसा. उघड्या अर्ध्यातला पिवळा गेलेला, गुलाबी फिकट आणि हिरवं झाड निळं.

खऱ्या चुकीत एक रंग पूर्ण गायब असतो आणि बाकीचे ठणठणीत असतात. उन्हातल्या 'चुकीत' बाकीचे रंगही थोडे थोडे उतरलेले असतात, आणि भिंगाखाली गेलेल्या रंगाचे पुसट ठिपके सापडतात. एकही ठिपका सापडला तरी ती चूक नव्हे.

९. शिक्का आणि ओव्हरप्रिंट: आधी कोण आलं?

निजामाच्या राज्यात सरकारी कामाच्या तिकिटांवर उर्दूत 'सरकारी' असा ओव्हरप्रिंट असे. ग्वाल्हेर, पटियाळा, नाभा, जींद, चंबा अशा संस्थानांत ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचं नाव छापून वापरत. साधं तिकीट स्वस्त, ओव्हरप्रिंटचं महाग. त्यामुळं खोटे ओव्हरप्रिंट पुष्कळ.

मला हे शिकवलं ते औरंगाबादच्या जुन्या बाजारात जुनी नाणी-कागद विकणाऱ्या एका चाचांनी. मी 'सरकारी'चं वापरलेलं तिकीट निवडलं होतं, पैसे काढतच होते. ते त्यांच्या दुकानातलं नव्हतं, शेजारच्या हातगाड्यावरचं होतं. चाचांनी माझं भिंग घेतलं, पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, मोहर ऊपर है या छपाई ऊपर? ये देखो पहले."

पाहिलं. टपालाचा काळा गोल शिक्का आणि 'सरकारी'चा काळा अलिफ (उर्दूतलं उभ्या रेघेचं अक्षर) एका जागी एकमेकांना छेदत होते. छेदाच्या ठिकाणी अलिफाची चकचकीत शाई शिक्क्याच्या मळकट शाईवर बसलेली होती. म्हणजे आधी तिकीट टपालात वापरलं गेलं, शिक्का बसला आणि त्यानंतर कुणीतरी 'सरकारी' छापलं. सरकार असं करत नाही. मी तिकीट गाड्यावर परत ठेवलं. चाचांनी चहा मागवला आणि मग त्यांच्याकडचंच दुसरं एक तिकीट मला विकलं, घासाघीस न करता. ते खरं निघालं.

शिक्क्याच्या बाबतीत तारखाही हिशेबात घ्या. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, तेव्हा १९४८ च्या म्हणून सांगितलेल्या पाकिटावरच्या शिक्क्यात सहा आकडी पिन दिसला तर बाकी काही पाहायची गरज नाही. नव्या पैशाची तिकिटं १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या शिक्क्याची असू शकत नाहीत. पाकिटावर शिक्का तिकिटावरून सरळ कागदावर उतरलेला हवा. तिकिटाच्या कडेला गोल तुटत असेल किंवा सांधा जुळत नसेल, तर तिकीट नंतर डकवलेलं आहे.

१०. आपल्या घरच्या कागदांसाठी वेगळं

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी हे मुद्दाम. हैदराबाद संस्थानाचं पहिलं तिकीट १८६९ मध्ये निघालं आणि ही टपाल तिकिटं १ एप्रिल १९५० पर्यंत चालली. म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरही दीड वर्ष. त्यामुळं १९४९ चा शिक्का असलेलं निजामाचं तिकीट पाहून दचकू नका.

संदुकीत सापडतं ते सगळं टपाल तिकीट नसतं. दस्तांवर, करारांवर, पावत्यांवर कोर्ट फी आणि महसुलाची तिकिटं असतात, दिसायला तितकीच देखणी. टपालाच्या बऱ्याच तिकिटांवर इंग्रजीत 'पोस्टेज' असतं. काहींवर 'पोस्ट अँड रिसीट' असतं, म्हणजे तेच तिकीट पावतीवरही चालायचं. फसवणूक इथंच शिरते. पावतीवर डकवलेल्या तिकिटावर सावकाराची सही असायची. ती सही रसायनानं धुवायची, वर टपालाचा खोटा शिक्का मारायचा किंवा मागं गोंद लावून 'न वापरलेलं' म्हणून विकायचं. ब्रिटिशांच्या पंधरा-पंचवीस रुपयांच्या मोठ्या तिकिटांचंही हेच होतं. टॉर्चखाली धरा: धुतलेल्या सहीची रेघ भुतासारखी वर येते किंवा धुतलेली जागा वेगळी चमकते. स्कॅन करून संगणकावर रंगाचा फरक वाढवला तरी दिसते.

आणि कळकळीनं सांगते, दस्तावरून तिकीट कापू नका. दस्त जमिनीचा असतो. आमच्या भाऊबंदांत एकानं कापलं, वर विकलं, आणि आता त्या कागदावर मधोमध खिडकी आहे.

११. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून हे घ्या

- तिकिटाच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन. 'पाठीचा फोटो निघत नाही' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं जा.
- कॅटलॉगचा क्रमांक, लेखी. 'जुनं गांधीजींचं तिकीट' एवढ्यावर व्यवहार नको.
- बिल, त्यावर तिकिटाचं वर्णन आणि 'खोटं निघाल्यास परत घेऊ' हे वाक्य. मुदतही लिहून घ्या, निदान तीस दिवस.
- पैसे यूपीआयनं किंवा बँकेतून द्या, स्क्रीनशॉट आणि बोलणं जपून ठेवा. माझ्याकडं बिल नव्हतं आणि तो ग्रुपही आठवडाभरात बंद झाला.
- महाग तिकिटाचं प्रमाणपत्र. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती तिकीट पाहून असं प्रमाणपत्र देते.

प्रमाणपत्र आलं म्हणून गाफील राहू नका. त्यावर तिकिटाचा फोटो असतो. फोटोतले दाते एक-एक करून हातातल्या तिकिटाशी जुळवा: कुठला दाता आखूड, शिक्का कुठं कापलाय, कड कुठं वाकडी. खरं प्रमाणपत्र आणि दुसरंच तिकीट, हा प्रकार जुना आहे. प्रमाणपत्र फार जुनं असेल तर तेव्हा तिकीट निर्दोष असेल, दुरुस्ती नंतर झाली असेल.

काही नावं ऐकली की नवशिक्यानं खिसा घट्ट धरावा: १८५२ चं 'सिंध डाक' तिकीट, १८५४ च्या चार आण्यांवरचं राणीचं उलटं डोकं, गांधीजींचे दहा रुपये. गांधीजींच्या १९४८ च्या मालिकेवर 'सर्व्हिस' छापलेले संच गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी अवघे शंभर केले होते, आणि अशाच दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. ते तुमच्या ग्रुपवर दोन हजारांना येणार नाही.

१२. खोटं निघालंच तर

बिल असेल तर मुदतीत परत करा, स्पीड पोस्टानं. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. टपाल तिकिटाची नक्कल बनवणं आणि जाणूनबुजून विकणं कायद्यानं गुन्हा आहे, हे पहिल्याच संदेशात शांतपणे लिहिलं तर बऱ्याचदा पैसे परत येतात.

परत गेलं नाही तर फाडू नका. तपासणी शिकवायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण मऊ पेन्सिलनं पाठीवर बारीक अक्षरात 'बनावट' असं लिहा आणि अल्बमच्या शेवटच्या पानावर ठेवा. माझे गांधीजी तिथं आहेत. शाळेत भिंग नेलं की लेकरं आधी तेच पान उघडायला लावतात आणि गालावरचे निळे ठिपके मोजत बसतात.